पांझरेच्या उगमाकडे : पिंपळनेरपलीकडचा बारीपाडा

धुळ्यात सहरीची वेळ संपत येते. देवपुरात, मोगलाईत, जुन्या धुळ्याच्या गल्ल्यांत स्वयंपाकघरांचे दिवे लागलेले असतात. कुणी शेवटचा घोट पाणी पितो, कुणी घड्याळाकडे बघत पोळीचा तुकडा संपवतो. थोड्याच वेळात फजरची अजान होते आणि दिवसभरासाठी पाण्याचा पेला उपडा होतो.

नेमक्या त्याच घटकेला, शहराच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या उतारावर, साक्री तालुक्यातल्या पाड्यांवरही लोक उठलेले असतात. मार्च महिना म्हणजे मोहाचा बहर. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटप खाली पडतात. उन्हे चढायच्या आत ती वेचावी लागतात, नाहीतर गुरे खातात, हरणे-डुकरे खातात किंवा उन्हाने ती मरगळतात. बाया आणि पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेली असतात. एका जिल्ह्यातल्या या दोन पहाटा. एकमेकींना त्या दिसत नाहीत, पण दोन्हीकडची माणसे एकाच नदीची आहेत.

ही नदी पांझरा. धुळेकरांना ती एकविरा देवीच्या मंदिराजवळची, पुलाखालची, उन्हाळ्यात बारीक होणारी नदी म्हणून ठाऊक असते. तिचा उगम साक्री तालुक्यातल्या शेंदवडच्या डोंगरात होतो. पिंपळनेर, साक्री, नेर, कुसुंबा, धुळे असा प्रवास करून ती मुडावदजवळ तापीला मिळते. शहरातला माणूस नदीला बहुधा खालूनच ओळखतो. रमजानच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी, रोजा असताना, तिच्या वरच्या अंगाला जाऊन यावे असा हा रस्ता आहे. त्याच्या टोकाशी शंभरेक घरांचे एक छोटे गाव आहे : बारीपाडा.

सुरत रस्त्याने साक्री, तिथून पिंपळनेर

धुळ्याहून सुरतेकडे जाणारा महामार्ग धरला की कुसुंबा आणि नेर ओलांडून साधारण पन्नास किलोमीटरवर साक्री लागते. एका बाजूला पांझरेचे खोरे सोबत करत असते. पुढे साक्री तालुक्याच्या पठारावर पवनचक्क्या दिसू लागतात. ब्राह्मणवेल भागातल्या या पवनचक्क्यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इथले क्षितिजच बदलून टाकले आहे. खाली कोरडवाहू शेते, काळ्या दगडांचे बांध, मेंढ्यांचे कळप आणि वर फिरणारी पांढरी पाती.

साक्री कान नदीच्या काठी आहे. ही कान पुढे पांझरेला मिळते. साक्रीहून पिंपळनेरचा रस्ता धरला की जमीन हळूहळू हिरवी होते. ऊस, कांदा, मका, भाजीपाला दिसू लागतो. मार्चच्या उन्हात एवढी हिरवळ बघून रोजेदाराचे डोळे निवतात. ही हिरवळ पांझरेच्या पाण्याची आहे आणि तिच्यामागे खानदेशातली एक फार जुनी रीत आहे.

त्या रीतीला फड म्हणतात. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपूर्वी दगड-चुन्याचे बुटके बंधारे बांधले गेले. बंधाऱ्यातून पाट काढायचा, पाटातून चाऱ्या काढायच्या आणि जमिनीचे मोठे तुकडे पाडायचे. हा एकेक तुकडा म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात भात, कोणत्यात गहू-हरभरा, हे नदीला पाणी किती आहे ते बघून गावाने मिळून ठरवायचे. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार. पाटाची साफसफाई शेतकऱ्यांनीच करायची. पाणी कमी असेल त्या वर्षी ऊस कमी लावायचा, म्हणजे तोटा एकट्यादुकट्यावर पडत नाही.

मोठी धरणे, विहिरी आणि वीजपंप आल्यावर फड पद्धत बरीच मागे पडली. काही ठिकाणी तिचे बंधारे आणि पाट अजून उभे आहेत, काही ठिकाणी ते वापरातही आहेत. त्या पाटावर उभे राहिले की लक्षात येते, ‘माझ्या विहिरीचे पाणी माझे’ ही भाषा या खोऱ्यात उशिरा आली. त्याआधीची भाषा ‘पाळी’ची होती. आज तुझी पाळी, उद्या माझी.

पिंपळनेर हे या पश्चिम भागाचे बाजाराचे गाव. 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये पिंपळनेर हा स्वतंत्र तालुका म्हणून नोंदला आहे. पुढे तालुक्याचा मान साक्रीकडे गेला. पण डोंगरातल्या माणसाला आजही बी-बियाणे, कापड, औषध, लग्नाचा बस्ता आणि मोटारसायकलचे टायर इथेच घ्यावे लागतात. बाजारात अहिराणी ऐकू येते, कोकणी आदिवासींची बोली ऐकू येते, गुजरातीही ऐकू येते, कारण डांगची हद्द फार लांब नाही. रमजानात खजूर, टरबूज आणि केळ्यांच्या गाड्यांभोवती संध्याकाळी गर्दी होते. याच बाजारात मोहाची फुले, चारोळी आणि डिंक डोंगरातून उतरून येतात. गावाजवळच पांझरेवर लाटीपाडा धरण आहे. त्याच्या पलीकडे रस्ता डोंगराकडे वळतो.

बारी म्हणजे खिंड

कुडाशी, वार्सा, मांजरी, शेंदवड ही या पट्ट्यातल्या गावांची नावे. रस्ता अरुंद होतो, वळणे वाढतात. सागाची पाने गळून गेलेली असतात. जमिनीवर पानांचा जाड थर आणि मधूनच पेटल्यासारखा लाल पळस. खानदेशात ‘बारी’ म्हणजे खिंड. सुरत रस्त्यावरचा कोंडाईबारीचा घाट सगळ्यांना माहीत आहे. बारीपाडा म्हणजे खिंडीजवळचा पाडा.

गाव लहान आहे. कौलारू घरे, सारवलेली अंगणे, नागलीची आणि भाताची शेते, आणि गावाच्या पाठीला टेकून उभे असलेले रान. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटते, आदिवासी गाव आहे, जंगल असणारच. पण चाळीस वर्षांपूर्वी आलेल्या माणसाला हे रान दिसले नसते.

साक्री तालुक्याच्या या डोंगरांतून वर्षानुवर्षे लाकूड खाली गेले. काही इमारतींना, काही जळणाला, काही पोटासाठी चोरून विकले गेले. डोंगर उघडे पडले तसा पाऊस मातीसकट वाहून जाऊ लागला. पावसाळ्यात धो-धो पाणी आणि होळीनंतर हंडाभर पाण्यासाठी पायपीट. शेतीत काही उरेना, तेव्हा माणसे कामासाठी बाहेर पडू लागली. आजही साक्री, नवापूर आणि डांगच्या पाड्यांतून शेकडो कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी गुजरातेत उतरतात. घराला कुलूप, म्हाताऱ्यांच्या स्वाधीन गुरे आणि पोरांची शाळा अर्ध्यावर. बारीपाडाही त्याच वाटेवर होता.

एक तरुण गावातच थांबला

या गावचा एक तरुण, चैत्राम पवार, वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेऊन परतला. अशा गावात एवढे शिकलेला मुलगा नोकरीसाठी शहरात जाणार हे गृहीतच असते. तो गेला नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांच्या सोबतीने त्याने गावातल्या माणसांना एकत्र बसवले आणि जंगलाचा विषय काढला.

काम बोलायला सोपे होते, करायला अवघड. गावाने ठरवले : उभ्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. राखलेल्या भागात गुरे मोकळी सोडायची नाहीत. रानाची राखण गावानेच करायची. नियम मोडणाऱ्याला दंड, मग तो गावचा असो की शेजारच्या पाड्याचा.

शहरात बसून हे नियम चांगले वाटतात. पण चुलीला लाकूड लागते, घराला वासे लागतात, नांगराला जू लागते, गुरांना चारा लागतो. ज्याच्याकडे जमीन थोडी आहे त्याला लाकडाची मोळी विकून मीठ-मिरची आणायची असते. कुऱ्हाडबंदी म्हणजे त्याच्या ताटातला घास काही वर्षांसाठी बाजूला ठेवणे. झाड वाढायला वेळ लागतो, भूक मात्र रोजची. म्हणूनच अशा बंदीचे पहिले दोन-चार हंगाम सगळ्यांत कठीण असतात. त्या काळात गाव फुटले तर जंगल कायमचे जाते.

बारीपाड्याने ती वर्षे काढली. सोबत पाण्याचे काम झाले. डोंगराच्या उतारावर समतल चर खणले गेले. समतल चर म्हणजे उताराला आडवी, सारख्या उंचीवरून जाणारी नाली. धावत येणारे पाणी तिच्यात थांबते, माती खाली बसते आणि पाणी जमिनीत मुरते. ओढ्यांवर दगड-मातीचे छोटे बंधारे घातले गेले. या कामाला लागते फावडे, घमेले आणि श्रमदान. मुख्य म्हणजे वरच्या माणसाने खालच्या माणसासाठी खणण्याची तयारी लागते, कारण वर मुरलेले पाणी वरच्या शेतात दिसत नाही. ते खालच्या विहिरीत दिसते.

झाडे वाढली तशी पानगळ जमिनीवर साचली. पानांच्या थराने पावसाचा मार झेलला, मुळांनी माती धरली आणि पाणी सावकाश झिरपू लागले. झरे जास्त दिवस टिकू लागले. विहिरींना पाणी राहिले, तशी भातशेती सुधारली. इंद्रायणी तांदूळ पिकू लागला आणि विकला जाऊ लागला. जे गाव पाण्यासाठी वणवण करत होते, ते पुढे शेजारच्या पाड्यांनाही पाणी देऊ लागले. आज बारीपाड्याने राखलेले जंगल चारशे हेक्टरांहून अधिक आहे. एकराच्या हिशोबात सांगायचे तर सुमारे अकराशे एकर. या कामासाठी चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा धुळे-नंदुरबारच्या अनेकांनी नकाशावर हे गाव पहिल्यांदा शोधले.

कुणी बघत नसताना

रोजा समजावून सांगताना घरातली वडीलधारी माणसे लहान मुलांना एक गोष्ट हमखास सांगतात. मोरीत तू एकटा आहेस, नळ सुरू आहे, कुणी बघत नाही. तरी तू पाणी पीत नाहीस, तो रोजा. भुकेपेक्षा ही एकट्याची परीक्षा मोठी. याला सब्र म्हणतात, परहेज म्हणतात. हक्काचे आणि हलाल असलेले पाणीसुद्धा ठरलेल्या वेळेपर्यंत बाजूला ठेवायचे.

बारीपाड्याच्या रानात हाच प्रश्न उभा राहतो. अकराशे एकर रानाला कुंपण घालता येत नाही. रात्रीच्या अंधारात हाती कुऱ्हाड असलेला माणूस सागाच्या झाडाजवळ एकटाच असतो. राखणदार प्रत्येक झाडापाशी उभा करता येत नाही आणि सरकारी पहारेकरी तर त्याहून नाही. दंड आहे, पाळीची राखण आहे, पण जंगल खऱ्या अर्थाने टिकते ते बहुसंख्य माणसांनी कुणी बघत नसतानाही हात आवरला म्हणून.

रानाचा काही भाग राखून ठेवायची रीत आदिवासींकडे जुनीच आहे. देवराईतले लाकूड तोडायचे नाही, हा संकेत सह्याद्रीच्या कितीतरी गावांत पाळला जातो. कोकणा आणि भिल्ल समाज मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव करतो. तेव्हा भक्त माणसे कडक नेम पाळतात आणि डोंगराला देव मानून त्याच्यापुढे रात्र जागवतात. अरबस्तानच्या कोरड्या प्रदेशातही अशीच एक रीत होती, तिला ‘हिमा’ म्हणतात. चराईची जमीन आणि झाडी लोकांच्या सामायिक भल्यासाठी राखून ठेवायची, तिथे कुणी एकट्याने मालकी सांगायची नाही. मदिना शहराभोवतीच्या पट्ट्यात झाडे तोडायला आणि शिकारीला मनाई असल्याचे प्रेषितांच्या परंपरेत सांगितले आहे. वाहत्या नदीकाठी बसून वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण मशिदीत वरचेवर सांगितली जाते. देव वेगळे, भाषा वेगळ्या, पण कमी पाण्याच्या मुलखात राहणारी माणसे बहुधा याच शहाणपणाशी येऊन थांबतात.

रानातले ताट

बारीपाड्याची दुसरी ओळख वनभाज्यांची. 2004 पासून इथे वनभाजी पाककृतींची स्पर्धा भरते. पावसाळ्यात गावोगावच्या बाया रानातून भाज्या खुडून आणतात, आपल्या हाताने रांधतात आणि मांडतात. कुर्डू, तरोटा, करटुले, बांबूचे कोंब, रानअळू, चाई, भोकर... शहरातल्या मंडईत ज्यांची नावेही कुणी घेत नाही, अशा भाज्यांची रांग लागते. परीक्षक फक्त चव बघत नाहीत. भाजी कुठे उगवते, कोणत्या महिन्यात खुडायची, कोणता भाग घ्यायचा, कशावर औषधी आहे, हेही बाईला सांगता आले पाहिजे.

हे ज्ञान वरवरचे नाही. रानअळूने घसा खाजतो, म्हणून त्याला चिंच किंवा दुसरा आंबटपणा लागतो. कडूकंद तसाच खाल्ला तर बाधतो. त्याच्या चकत्या करून, उकडून, वाहत्या पाण्यात धुऊन त्याचा कडूपणा घालवावा लागतो. एखादी चूक जिवावर बेतू शकते. पिढ्यान्‌पिढ्या बायांनी हे जपले आणि बऱ्याचदा त्याच्या जिवावर पावसाळ्याचे उपासमारीचे दिवस काढले. जुने धान्य संपलेले आणि नवे यायला अवकाश, अशा दिवसांत रानाने घर जगवले. जंगल गेले असते तर लाकडाबरोबर हे ताटही गेले असते.

इस्लामी वर्ष चंद्राचे असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. 2010 ते 2014 या वर्षांत तो जुलै-ऑगस्टच्या पावसात आला होता. त्या वेळी बारीपाड्याच्या रानात वनभाज्यांचा हंगाम होता. आता तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आला आहे आणि रानात मोहाचा हंगाम आहे. 2024, 2025 आणि 2026 या तिन्ही वर्षी होळी रमजानच्या महिन्यातच पडली. आदिवासी पाड्यांत होळी हा वर्षातला मोठा सण. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसेसुद्धा जमेल तसे होळीला गावी परततात. एकीकडे तरावीहची नमाज आणि दुसरीकडे ढोलाचा आवाज, अशा रात्री या खोऱ्याने बघितल्या आहेत.

मोह म्हटले की शहरातल्या माणसाला दारूच आठवते. पण मोहाचे फूल हे आधी अन्न आहे. सुकवलेली फुले भाजून खातात, कुटून भाकरीत घालतात, गूळ परवडत नसे तेव्हा गोडवा म्हणून वापरत. बियांचे तेल निघते. ते खायला आणि दिव्याला दोन्हीकडे वापरले जायचे.

रानाची आणखी एक वस्तू शहरातल्या प्रत्येक मुस्लिम घरात पोचते, ती चारोळी. ईदच्या सकाळी शीरखुर्म्याच्या पातेल्यात खजूर, बदाम, पिस्त्यांबरोबर चारोळी पडतेच. खजूर अरबस्तानातून येतो, बदाम परदेशातून येतो, पण चारोळी सह्याद्री-सातपुड्याच्या आणि मध्य भारताच्या रानांतून येते. तिचे झाड शेतात लावून वाढवलेले नसते. एप्रिल-मेच्या उन्हात छोटी काळसर फळे पिकतात. ती गोळा करायची, गर धुऊन काढायचा, बी वाळवायचे, कवच फोडायचे, तेव्हा कुठे मूठभर दाणे हाती येतात. ज्या रानावर कुणाचा नेम नसतो तिथे दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून लोक कच्चीच फळे ओरबाडतात, फांद्या तोडतात, आणि काही वर्षांत झाडच संपते. राखलेल्या रानात फळ पिकेपर्यंत थांबता येते. ईदच्या वाटीतल्या त्या चार दाण्यांमागे असा कुणाचा तरी संयम असतो.

वणव्याचे दिवस

मार्च ते मे हे रानासाठी धोक्याचे महिने. गळलेली पाने वाळून कुरकुरीत झालेली असतात. मोहाची फुले नीट दिसावीत म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि ती आग हाताबाहेर जाते. कुणाची विडी, कुणा प्रवाशाची चूल, रस्त्याकडेला फेकलेली काडी यांतूनही वणवा लागतो. मोठी झाडे कशीबशी वाचतात. पण जमिनीलगतची रोपे, बिया, पक्ष्यांची अंडी आणि पाणी धरून ठेवणारा पानांचा थर एका रात्रीत राख होतो. पहिल्या पावसात ती राख आणि तिच्याखालची माती ओढ्याला लागते. वीस वर्षांत जमलेले रान वीस वर्षे मागे जाऊ शकते.

म्हणून उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे पाचोळा झाडून मोकळा पट्टा ठेवतात, की आग आली तरी तिथे थांबावी. धूर दिसला की हातातले काम टाकून, ओल्या फांद्या घेऊन धावावे लागते. सरकारी यंत्रणा पोचेपर्यंत वेळ जातो, पहिला तास गावाचाच असतो. ज्या गावाला जंगल आपले वाटते ते गाव धावते. ज्याला ते ‘सरकारचे’ वाटते, ते बघत राहते. बारीपाडा आणि उघड्या डोंगराखालचे एखादे गाव यांतला फरक बऱ्याच अंशी एवढाच आहे.

बाहेरून येणाऱ्यांची जबाबदारी इथून सुरू होते. गावाचे नाव झाल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. शंभर घरांच्या गावाला गर्दी पेलत नाही. जायचे तर आधी गावात कळवून, विचारून जावे. रानात गावच्या माणसाशिवाय शिरू नये. काडीपेटी, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि मोठ्या आवाजातली गाणी गाडीतच राहू द्यावीत. जेवण केले तर त्याचे पैसे द्यावेत. तांदूळ, नागली, वाळवलेली भाजी विकत घ्यावी आणि भाव पाडू नये. बाया-पोरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. ते गाव नांदते आहे, तिथे रोजचे जगणे सुरू आहे.

रोजेदाराला तिथे एका गोष्टीचा संकोच वाटतो. आदिवासी घरात पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. ज्या गावाने पाणी एवढ्या कष्टाने मिळवले, तिथला तांब्या परत करणे जिवावर येते. पण ‘रोजा आहे’ किंवा ‘उपास आहे’ एवढे सांगितले तर समोरच्याला पुरते. उपासाचा अर्थ या भागात कुणाला समजावावा लागत नाही. ज्यांच्या घरी डोंगऱ्या देवाचा नेम पाळला जातो, त्यांना दिवसभराचा नेम म्हणजे काय ते ठाऊक असते.

परतीच्या वाटेवर

ऊन उतरू लागले की निघावे, म्हणजे मगरिबपर्यंत पिंपळनेर गाठता येते. उतरताना लाटीपाड्याच्या जलाशयावर संध्याकाळचा उजेड पडलेला असतो. हेच पाणी खाली उसाला जाते. पुढे कान पांझरेला मिळते, त्याच्याही पुढे अक्कलपाडा धरण लागते. धुळे शहराच्या नळांना आता त्या धरणातूनही पाणी येते.

धुळ्यात उन्हाळा सुरू झाला की पहिला प्रश्न पाण्याचाच. नळ कधी येणार, टँकर आला का, टाकी भरली का. रमजान उन्हाळ्याच्या तोंडाशी आला की मशिदीच्या वजूखान्यापासून घरातल्या सहरीच्या भांड्यांपर्यंत तोच विषय असतो. तेव्हा बोट महापालिकेकडे जाते, ठेकेदाराकडे जाते, शेजाऱ्याच्या मोटारीकडे जाते. डोंगराकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. पांझरेच्या वरच्या अंगाचे डोंगर उघडे राहिले तर धरणात पाण्याऐवजी गाळ येतो आणि दरवर्षी पाण्याची जागा थोडी थोडी कमी होते. बारीपाड्यासारख्या एका गावाने सगळ्या खोऱ्याची तहान भागत नाही, हे खरे. पण असे डोंगर राखणारी पन्नास गावे झाली तर काय होईल, हे त्या एका गावात जाऊन बघता येते.

रमजानात जकात आणि सदका काढला जातो. शहरातली कुटुंबे गरजूंना धान्याच्या पिशव्या देतात, शिक्षणासाठी मदत करतात. त्याबरोबर आणखी एक काम हातासरशी करता येण्यासारखे आहे. वजूचा नळ बारीक करणे, इफ्तारच्या दस्तरखानावरचे प्लॅस्टिकचे पेले कमी करणे, मोहल्ल्याच्या छपरांवरचे पावसाचे पाणी बोअरवेलमध्ये सोडणे. यासाठी पद्मश्री लागत नाही, एकमेकांना विचारून ठरवावे लागते, जसे फडाच्या पाटावर ठरत असे आणि बारीपाड्याच्या बैठकीत ठरले.

पिंपळनेरला मगरिबची अजान होते. रस्त्याकडेच्या गाड्यावर टरबुजाच्या फोडी कापलेल्या असतात, कुणीतरी ओळख नसतानाही खजूर पुढे करतो. खजूर तोंडात टाकून पहिला घोट पाणी घशाखाली उतरतो, तेव्हा ते कुठून आले असा विचार सहसा कुणी करत नाही. दिवसभर त्या रस्त्याने फिरून आलेल्या माणसाला मात्र ते माहीत असते. बाटलीत उरलेले पाणी तो ओतून देत नाही, झाकण लावून गाडीत ठेवतो.